कुंदाकाकी नारळ मारते तेव्हा

कुडाळच्या आठवडा बाजारात सोललेल्या नारळांचे ढीग दिसायला लागले की माझं दुकानात लक्ष लागत नाही. मी शिवणकाम करते. खरं तर श्रावणात मान वर करायला फुरसत नसते. चतुर्थीचे ब्लाऊज, मुंबईहून येणाऱ्या माहेरवाशिणींचे ड्रेस, "ताई, शनवारपर्यंत होया हां" म्हणून दटावून जाणाऱ्या बायका. तरी मी कात्री ठेवते, छत्री उघडते आणि त्या ढिगाशी जाऊन एकेक नारळ कानाशी हलवून बघते. विकणारा म्हातारा आता मला ओळखतो. "खावचो काय लढवूचो?" एवढंच विचारतो.

खायचा नारळ वेगळा आणि लढवायचा वेगळा. लढवायचा लहानखुरा, हाताला जड, करवंटीने जाड. टिचकी मारली तर खणकन वाजला पाहिजे. नारळी पौर्णिमेला समुद्राला मानाचा नारळ दिला की आमच्या मालवणात माणसं पिशव्या भरभरून नारळ घेऊन एकमेकांना गाठतात. एकाने आपला नारळ घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपला त्यावर हाणायचा, मग पाळी बदलायची. ज्याचा फुटला तो हरला, आणि फुटका नारळ जिंकणाऱ्याचा. नारळाला जिकडे डोळे असतात ती बाजू कच्ची, ती मुठीत लपवायची आणि टोकाने मारायचं. एवढंच शास्त्र. बाकी सगळी मनगटाची आणि तोंडाची ताकद. आता बायकांच्याही स्पर्धा होतात, मांडव घालून, लाऊडस्पीकर लावून. पण त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, दोन बायका दर वर्षी नारळ लढवत आल्या आहेत. एक माझी आई आणि दुसरी तिची धाकटी जाऊ, माझी कुंदाकाकी.

दोघींची घरं शेजारी शेजारी. मध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा, त्यात येण्याजाण्यापुरती वाट, आणि विहीर सामाईक. गणपती एकच, तो थोरल्या घरात, म्हणजे आमच्याकडे. मोदक वळायला दोघी एका पाटाशी बसतात आणि वळता वळता भांडतात. कोणाच्या माडाची झावळ कोणाच्या कौलांवर पडली, कोणाच्या कोंबडीने कोणाच्या अळवात पाय घातले, विषयाला काही तोटा नाही. लहानपणी मला वाटायचं, या दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नाही ते याचसाठी. मोठेपणीही माझं मत फारसं बदललेलं नाही.

मी जो श्रावण सांगते आहे तो काही वर्षांपूर्वीचा. आदल्या दिवाळीनंतर बाबा गेले होते. घरात मृत्यू झाला की माणसांचे आवाज उतरतात हे मला माहीत होतं, पण ते इतके दिवस उतरलेलेच राहतात हे मी तेव्हा पाहिलं. आईशी सगळे हळू बोलायचे. मीसुद्धा. मासेवाली तिच्यासाठी वाटा घासाघीस न करता द्यायची. भजनाला तिला पुढची जागा मिळायची, आणि बस आली की तिच्या आधी कोणी चढायचं नाही. आई फक्त पदर ओढून घ्यायची. एकटी कुंदाकाकी तेवढी गडग्यावरून पूर्वीच्याच आवाजात ओरडायची, "गो वयनी, तुजी कोंबडी माज्या पडवेत इली तर मी शिजवन खातलंय हां!" आणि आई आतून तितक्याच जोरात उत्तर द्यायची. ते उत्तर ऐकलं की मला कुडाळला परत जायचा धीर यायचा.

पौर्णिमेच्या दुपारी काकीच तिला बंदरावर घेऊन गेली. वर्षही झालेलं नव्हतं. आई नाही नाही म्हणत होती.

"लोक काय म्हणतले गो?"

"लोकांका नारळ फोडून दाखव, मगे काय म्हणतत ता बघू," काकी म्हणाली. "भावजी आज असते तर तेच तुका फुडे घालून घेवन गेले असते. गुमान साडी बदल."

पाऊस उघडला होता. बंदरावर ओल्या दोरांचा आणि डिझेलचा वास, रंगवलेल्या होड्या, पताका, भजी. श्रावण म्हणून घरोघर शिवराक, माशाचं नाव नाही, तरी वाऱ्यालाच जाळ्यांचा वास होता. काकीची मुलगी सायली तेव्हा मुंबईला व्हिडिओ एडिटिंग शिकत होती. कॉलेजात तिला एक काम दिलं होतं: कुठल्याही प्रसंगाचं चित्रण करायचं आणि मग त्याचा एकेक शॉट सुटा करून अभ्यासायचा. तिने आपल्या आईची आणि मोठ्या आईची, म्हणजे माझ्या आईची, स्पर्धा निवडली. एक कॅमेरा तिच्या हातात, आणि दोन मैत्रिणींच्या हातांत मोबाईल.

एकेक बाई बाद होत गेली आणि शेवटी उरल्या या दोघी जावा. मांडवात हशा पिकला. लाऊडस्पीकरवाल्याला तर चेव चढला. पाच-सहा घाव झाले, नारळ काही फुटेना. मग काकीची मारायची पाळी आली. आईने आपला नारळ दोन्ही हातांत धरला, काकीने मारला, आणि काकीचाच नारळ फुटला. पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळलं. ढोल वाजले, आई जिंकली.

तिने फुटका नारळ घेतला नाही. काकीने पुढे केला तर तिने पाहिलंही नाही, बक्षिसाची साडी काखेत मारली आणि तडक घरी चालायला लागली.

पुढच्या शनिवारी मी घरी आले तर गडग्यातल्या वाटेला झावळांचं झाप बांधलेलं. मला वाटलं, काकी हरली म्हणून रुसली. साहजिकच आहे, हरलेला रुसतो. मी समजूत घालायला काकीकडे गेले, ते तिने मलाच फैलावर घेतलं.

"माका राग? माका कित्याक राग येतलो? हरलंय ती मी आणि तोंड फुगवन बसली ती तुजी आवस! सकाळी मी बावडेर गेलंय तर रिकामी कळशी घेवन परत फिरली. त्या झापाक सुंभ कोणी बांधल्यान, विचार तिका."

म्हणजे जिंकलेली रुसली होती. असं भांडण मी तरी पाहिलं नव्हतं. आई ओट्यावर बसून टाकळ्याची कोवळी पानं खुडत होती. मी शेजारी बसले, पानं खुडायला लागले. टाकळा खुडताना माणूस बोलतंच, हात गुंतलेले असतात. ती म्हणाली, "तिना माका जिंकवल्यान."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? मारूच्या आधी नारळ हातात फिरवल्यान. कच्ची बाजू फुडे केल्यान. इतकी वर्सां लढवता ती, तिका कळत नाय? धर्म केल्यान माका. भिकाऱ्याक घालतत तसो."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, अर्थातच हळू आवाजात. तिने हातातली जुडी परातीत आपटली.

"ह्याच! ह्याच ता! वरीसभर सगळी माज्याशी अशीच बोलतत. मोठ्यान बोलल्यार मी फुटतलंय काय? ती एक होती गो नंदा. तीच एक होती, माज्याशी सरळ भांडणारी. आता ती पन तुमच्यासारखीच झाली."

मला रडू आलं आणि रागही आला. चतुर्थी तोंडावर आलेली. बाबांच्या पाठीमागे पहिला गणपती, आणि या दोघी एका पाटाला बसणार नसतील तर तो गणपती आईला कसा जाणार, मला कल्पना करवेना. काकीला हे सांगावं, तर काकी शपथा घेणार आणि आई त्या मानणार नाही. बाबा गेले तेव्हा घर रिकामं झालं होतं. काकी तुटली असती तर आईच्या कानांनाही काही उरलं नसतं.

सायली चतुर्थीपर्यंत घरीच होती. तिला मी हे गडग्याच्या टोकाशी, दोन्ही घरांना दिसणार नाही असं उभं राहून सांगितलं. ती म्हणाली, "ताई, व्हिडिओ आसा ना आपल्याकडे! बघूया."

मी व्हिडिओ म्हणजे लावायचा आणि बघायचा असं समजणारी. आम्ही काकीच्या मागच्या पडवीत तिचा लॅपटॉप उघडला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितला. फिरवला का? हो, काकीने नारळ फिरवला होता, दिसत होतं. मुद्दाम? कोण जाणे. पुन्हा बघितला, पुन्हा तेच. वाहत्या पाण्याकडे बघावं तसं, एक दिसतं न दिसतं तोवर दुसरं येतं. ढोल वाजला की आपण दचकून ढोलाच्या इशाऱ्यावर बघतो, लोक हसले की आपणही हसतो. नारळ फुटला, आई जिंकली, संपलं. त्यात मनातलं काय दिसणार, कपाळ!

मग सायलीने कुठलंसं बटण दाबलं आणि सगळा व्हिडिओ एकाच पडद्यावर बारीक बारीक चौकोनांत पसरला. कॅमेरा सुरू झाल्यापासून थांबेपर्यंतचा तुकडा म्हणजे एक शॉट, आणि प्रत्येक शॉटचा एक चौकोन. शिवायच्या आधी मी ब्लाऊजचे भाग टेबलावर मांडते, पुढचा, पाठीचा, बाह्या, पट्ट्या, तसे. मला एकदम बरं वाटलं. हे माझ्या ओळखीचं होतं. कापड अंगावर बघितलं तर रंग दिसतो, मांडून बघितलं तर कुठे कमी पडतंय ते दिसतं.

मांडल्यावर पहिल्यांदा कळलं की या स्पर्धेत नारळ फार थोडा वेळ आहे. निम्म्या चौकोनांत नुसती माणसं वाट बघत होती. पदर खोचणं, हात पुसणं, एकमेकींच्या पिशव्या सांभाळणं. आणि आणखी एक गोष्ट, जी मी इतकी वर्षं खळ्यात बघूनही पाहिली नव्हती. आई नारळ धरते तेव्हा घाव बसायच्या क्षणाला तिचे डोळे घट्ट बंद असतात. प्रत्येक चौकोनात. पहिल्या बाईपुढेही, दुसरीपुढेही, काकीपुढेही.

"मोठी आई घाबरता," सायली हसली.

"माझी आई नाही घाबरत," मी म्हटलं, पण चौकोन समोरच होते.

नंतर तिने दुसरी रीत काढली. आता चौकोन जाऊन लांब-आखूड पट्ट्या आल्या. जो शॉट जास्त वेळ चालला त्याची पट्टी लांब. ज्या शेवटच्या घावावरून घर मोडायची वेळ आली होती, त्याची पट्टी नखाएवढीसुद्धा नव्हती. आणि सगळ्यांत लांब पट्टी निघाली ती एका रिकामटेकड्या शॉटची. मैत्रिणीने मोबाईल चालू ठेवून भजी खाल्ली असणार. त्यात आई बाकावर एकटीच बसलेली, आजूबाजूला जागा सोडून इतर बायका. बराच वेळ काही घडत नाही. मग काकी येते, तिला ढकलून बाकावर जागा करते, कानात काहीतरी सांगते आणि आई तिला कोपर मारते. एवढंच. आम्ही ते तीनदा बघितलं. नारळाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, पण पुढे जाववेना.

मग तिने माणसांप्रमाणे वाटणी केली. आईचे शॉट एका ओळीत, काकीचे दुसऱ्या ओळीत. काकीच्या ओळीतून नुसते मारायच्या आधीचे शॉट वेगळे काढले आणि एकाखाली एक लावले. तिथे मी ओरडलेच. काकी प्रत्येक घावाआधी नारळ हातात फिरवत होती! पहिल्या फेरीतल्या एका लठ्ठ बाईपुढेही, मधल्या फेरीतही. पकड बसेपर्यंत फिरवायची तिची सवयच होती. मी तशीच उठून आईकडे गेले, सांगितलं.

आई म्हणाली, "सवय आसा ता माका नको सांगू. पन त्या टायमाक कच्ची बाजू फुडे इलीच ना? ती कशी इली?"

मी परत सायलीकडे आले. सायलीने तो घाव मोठा करून बघितला, सावकाश करून बघितला, एकेक चित्र पुढे सरकवून बघितला. नारळ ओला होता, हात निसटला असेल. नसेलही. जितका मोठा करावा तितका तो नारळ धूसर होत गेला आणि शेवटी पडद्यावर तपकिरी ठिपक्यांशिवाय काही राहिलं नाही. जवळ गेलं की जास्त कळतं असं मला वाटायचं. शिवणीत ते खरं असतं. इथे नव्हतं.

मी हात टेकले. सायली मात्र गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बसली होती. तिचे सर तिला सांगत, आधी काय शोधायचं ते ठरवा आणि मग बघायची रीत निवडा. "मी उलटा करतंय," ती म्हणाली. "रीत बदलून बघतंय, मगे काय शोधूक होया ता सुचता." आणि तिला सुचलं ते असं की आम्ही दोघी इतका वेळ नारळाची चौकशी करत होतो. आईचं दुखणं नारळाचं नव्हतंच. काकीने मनापासून मारलं की नाही, एवढंच तिला हवं होतं, आणि ते नारळावर कशाला लिहिलेलं असेल? ते काकीच्या तोंडावर असणार. ते तोंड पाहायला आई अगदी समोर उभी होती आणि नेमके त्याच क्षणी तिचे डोळे बंद होते.

सायलीच्या कॅमेऱ्यात काकी पाठमोरी होती. दुसऱ्या मोबाईलमध्ये आडवी. तिसऱ्या मैत्रिणीचे शॉट सायलीने टाकाऊ म्हणून बाजूलाच काढले होते, कारण ते तिरके होते आणि अर्ध्या पडद्यावर कोणाची तरी काळी छत्री होती. त्यातला एक तिने उघडला, ढोलाचा आवाज बंद केला आणि मला म्हणाली, "ताई, मोठ्या आयेक बोलव."

आई काकीच्या घरात पाऊल टाकायला तयार नव्हती, म्हणून लॅपटॉपच आमच्या पडवीत आणला. बाहेर रिपरिप सुरू होती. आईने चष्मा पुसला, लावला, परत पुसला. तिला चौकोन नि पट्ट्या दाखवायच्या भानगडीत सायली पडली नाही. एकच शॉट, पडदाभर, बिनआवाजी. आणि एकेक चित्र बोटाने पुढे.

"ही मी?" आईने स्वतःला ओळखलं. "डोळे कित्याक बंद करून आसंय?"

"तू दर टायमाक बंद करतंस."

"खोटा!" आई म्हणाली. मग तिने पडद्याला नाक लावलं. "अरे देवा. खराच की."

सायलीने बोट दाबलं. छत्रीच्या कडेपलीकडे काकीचं तोंड आलं. मी कुंदाकाकीला जन्मापासून ओळखते, पण ते तोंड मी कधी पाहिलेलं नव्हतं. दात आवळलेले, नाकपुड्या फुगलेल्या, मानेची शीर ताठ, एक डोळा बारीक. दया वगैरे काही नाही. समोरच्या बाईचा नारळ फोडून तिला घरी पाठवायची इतकी निखळ इच्छा मी कुठल्या चेहऱ्यावर पाहिली नाही. आणखी एक चित्र पुढे, हात खाली आलेला. आणखी एक, पाणी उडालेलं. आणि मग काकीचं तोंड असं काही पडलं, असं काही संतापलं, की सायली फिस्सकन हसली. त्या संतापात काकीचे ओठ हलले. तो भाग सायलीने सुरळीत चालवून दाखवला. आवाज नव्हता, पण जन्मभर शेजारी राहिलेल्या बाईचे ओठ वाचायला आवाज लागत नाही.

"परत दाखव," आई म्हणाली.

सायलीने परत दाखवलं.

"गाळी घातल्यान माका!" आई उभीच राहिली. "बघलंस काय नंदा? माज्या आवशीचो उद्धार केल्यान मेलीन!"

ती शिवी इथे लिहिण्यासारखी नाही. आईने मात्र ती आम्हाला मोठ्याने म्हणून दाखवली, दोनदा, आणि तिचा चेहरा तसा उजळला, जसा बाबा कुडाळच्या बाजारातून तिच्यासाठी न सांगता अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, घेऊन यायचे तेव्हा उजळायचा. मग ती तशीच, छत्री न घेता, पावसात गेली. झाप सोडायलाही थांबली नाही, ते ढकलूनच पलीकडे गेली. आम्ही दोघी मागोमाग.

काकी आडाळ्यावर बसून खोबरं खवत होती. समोर ओलीचिंब आई.

"तू माका गाळी घातलंस?"

काकीने मान वर केली. इतक्या दिवसांनी ही बोलते आहे आणि काय बोलते आहे, याचा तिला क्षणभर मेळ लागला नसावा. पण कुंदाकाकी ती कुंदाकाकी.

"घातलंय. बरो चांगलो नारळ फुटलो माजो. गाळी नाय घालू तर काय तुजी ओवाळणी करू? परत घालतंय, काय करतलंस?"

आई तिथेच, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. बाबा गेले तेव्हा आलेल्या-गेलेल्यांसमोर ती नीट, शिस्तीत रडली होती. हे तसलं नव्हतं. तोंड उघडं टाकून, हंबरून, नाक पदराला पुसत ती रडली. मी पुढे व्हायला गेले तर सायलीने माझा हात धरला. काकी उठली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही, आवाजही उतरवला नाही. तिच्याही डोळ्यांतून घळाघळा वाहत होतं, पण खवणाऱ्या हाताची गती तीच.

"रड, पन सरकान रड," ती ओरडली. "खोबऱ्यात पाणी गळता तुज्या साडयेचा."

त्या चतुर्थीला मोदक झाले. कोणाच्या कळ्या जास्त यावरून भांडणही झालं.

सायलीला त्या कामात किती गुण मिळाले मी विचारलं नाही. मला मात्र एक खोड लागली. शिवून झालेला ब्लाऊज मी आता उलटा करून बघते, लांबून बघते, खांद्यावर टाकून आरशात बघते. गिऱ्हाईक हसतं. हसू दे. माणसाच्या बाबतीत तर मी आणखीच सावध झाले आहे. आपण एकाच जागेवर उभं राहून एखाद्याचं मन ओळखल्यासारखं बोलतो, आणि नेमकं बघायच्या वेळी आपले डोळे मिटलेले असतात. भीतीने म्हणा, घाव सोसायच्या तयारीने म्हणा. आईचं काही चुकलं असं मला वाटत नाही. घाव झेलणाऱ्याने डोळे मिटले तर त्याला कोण नावं ठेवणार? पण तेवढ्यात समोरच्याच्या तोंडावर काय होतं ते तिसऱ्याच कुणाला तरी, तिरकं, छत्रीच्या आडून दिसलेलं असतं.

आणि आवाजाचंही तसंच. त्या वर्षभरात आम्ही सगळे आईशी हळू बोलत होतो ते प्रेमापोटीच, त्यात खोट नव्हती. फक्त तिला ते कसं ऐकू येतं हे आम्ही कधी तिच्या जागी बसून ऐकलं नाही.

यंदाचा श्रावण आला तो वेगळाच. वैशाखात कुंदाकाकीला अर्धांगवायूचा झटका आला. गोव्याच्या इस्पितळातून ती घरी आली ती खुर्चीतच. जीभ शाबूत, देवाची कृपा, पण डावा हात कामातून गेल्यासारखा. डॉक्टर म्हणतात, हाताला काम देत राहा, येईल हळूहळू. सायली मुंबईचं काम इथूनच करते. येणारी-जाणारी माणसं काकीच्या खुर्चीशी वाकून, आवाज उतरवून बोलतात. "बरा आसा मा गो आता?" काकी भिंतीकडे बघते. जी बाई सगळ्या वाडीला तोंड द्यायची ती आता दोन शब्दांत उत्तर देते.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी कुडाळहून नारळ घेऊन आले. बंदरावर जाणं काकीला जमणार नव्हतं, तेव्हा आईने ठरवलं होतं की नारळ खळ्यातच लढवायचे, पूर्वीसारखे. मी दोन नारळ वेगळे ठेवले होते. काकीसाठी चांगला खणखणीत, आणि आईसाठी जरा पातळ करवंटीचा, हलवला की पाणी खळखळणारा. मला वाटलं कोणाला कळणार नाही. आईने तो कानाशी नेला, टिचकी मारली आणि माझ्या हातात परत दिला.

"ह्यो चटणेक घाल," ती म्हणाली, आणि पिशवीत हात घालून सगळ्यांत लहान, सगळ्यांत जड नारळ स्वतःच काढला.

"आये, तिचो एक हात..."

"माका दिसता तिचो हात."

पौर्णिमेला ऊन पडलं होतं. सायलीने काकीची खुर्ची खळ्यात आणली. काकीने नारळ उजव्या हाताच्या मुठीत घेतला, फिरवला, पकड बसवली आणि डावा हात उचलून, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा, त्याच्याखाली टेकवला. आई समोर उभी राहिली. सत्तरी ओलांडलेली माझी आई, पदर कमरेला खोचून, पाय रोवून. तिने हात वर नेला आणि मी तिचं तोंड बघितलं. दात आवळलेले, मानेची शीर ताठ. सायलीच्या हातात आज कॅमेरा नव्हता, ती खुर्ची धरून उभी होती, आणि तिला राहवलं नाही.

"मोठये आये, हळू हां! हळू मार!"

आईचा हात वरच थांबला. काकीने मान वळवून लेकीकडे बघितलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज गडग्यापलीकडे पोचला.

"तू गप रव गो! मारूंदे तिका."